तुळशीपत्र ठेवलेला पैसा

मागच्या अंकात या सदरात मी महेश्वरच्या घाटाविषयी थोडंसं लिहिलं होतं. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया, सोमनाथपर्यंत एवढं बांधलं, तरी आपल्याकडच्या लोकांनी त्यांची आठवण सगळ्यात जास्त पाण्यापाशी जपली, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर आलेल्या पत्रांनी माझी खिडकीशेजारची खुर्ची भरली आहे. काहींनी कौतुक केलं, काहींनी कान उपटले. एका पत्रात फक्त एका बारवेचा फोटो होता आणि मागे लिहिलं होतं, 'ही बघा, ही पण त्यांचीच.' सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्या पत्रांनी मला कागद पुन्हा उघडायला लावले, ती घेते.

ताई, अहिल्याबाईंच्या दानधर्माचं सगळेच गोडवे गातात. पण सत्ताधीशाचा पैसा म्हणजे शेवटी रयतेने भरलेला साराच. रयतेच्या पैशातून देऊळ उभं करायचं आणि पुण्य मात्र आपल्या नावावर, यात दान कुठे आलं?
*(पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक वाचक)*

प्रश्न रोखठोक आहे आणि मला आवडला. याचं उत्तर भक्तिभावाने देऊन भागत नाही, त्यासाठी हिशेब बघावा लागतो.

होळकरांच्या घरी पैशाचे दोन कप्पे होते : दौलत आणि खासगी. फौज, किल्ले, मुलूखगिरी, पुण्याला पेशव्यांकडे करायचा भरणा, हे सगळं दौलतीतून चाले. खासगीची गावं वेगळी होती, त्यांचं उत्पन्न वेगळं होतं आणि ते घरातल्या कर्त्या स्त्रीच्या हाती असे. १७३४ साली थोरल्या बाजीरावांच्या काळात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ही खासगी जहागीर लावून दिली गेली. सरदार रणात पडला, मुलूख हातचा गेला, तरी घरच्या बाईला कोणापुढे हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा विचार. गौतमाबाई १७६१ साली वारल्या आणि खासगी सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली.

पुढच्या सहा वर्षांत घरातले पुरुष गेले. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात आधीच पडले होते. १७६६ साली मल्हारराव गेले, १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपल्यावर सोपवावा. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्याबाईंनी दोघांनाही नकार दिला, लढायची तयारी केली, आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांनी कौल त्यांच्या बाजूने दिला. तुकोजी होळकरांना त्यांनी फौजेचं काम दिलं आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला.

म्हणजे त्या दिवसापासून दोन्ही कप्प्यांच्या किल्ल्या एकाच हाती आल्या. दौलतीतली रक्कम खासगीत ओढून घेतली असती, तर विचारणारं कोण होतं? अशा वेळी खजिन्यावर पाणी सोडून, तुळशीपत्र ठेवून त्यांनी तो धर्मकार्याला लावला, अशी कथा सांगतात. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमनेही ती टिपून ठेवली आहे. तुळशीपत्र ठेवलं की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपतो, हे तुमच्या-माझ्या घरातल्या आज्यांना सांगावं लागत नव्हतं. दानधर्माचा खर्च त्या खासगीतून करत गेल्या. तुकोजी मोहिमेवरून पैशासाठी निकड लावत, त्या आधी झालेल्या खर्चाचा हिशेब मागत. दोघांमधल्या पत्रांत या कुरबुरी ठायी ठायी आहेत. मोडी शिकायला लागले तेव्हा आमचे गुरुजी मुद्दाम असे रुक्ष कागद वाचायला देत. कंटाळा यायचा. पुढे लक्षात आलं की माणूस पैसा कसा मागतो आणि कसा नाकारतो, हे त्या कागदांत जितकं दिसतं तितकं कुठल्या बखरीत दिसत नाही.

तरी तुमच्या प्रश्नातला काटा यामुळे निघत नाही, आणि मी तो ओढून काढणारही नाही. खासगीची गावंसुद्धा कुणबीच कसत होते. काशीच्या देवळाच्या दगडात निमाडच्या शेतकऱ्याचा घाम आहे, हे खरंच आहे. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : जे घ्यायची मुभा होती, तेही त्यांनी घेतलं का?

त्या काळी सावकार निपुत्रिक मेला, की सरकार त्याच्या संपत्तीत हात घाली. त्याला कोणी अन्याय म्हणत नसे, तो रिवाजच होता. इंदूरला देवीचंद नावाचा सावकार वारला, तेव्हा तुकोजींनी त्याच्या संपत्तीतला वाटा मागितला. त्याची विधवा महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिच्या हाती वस्त्रं देऊन तिचा मान केला आणि तुकोजींना निरोप पाठवला की इंदुरातून निघा, माझ्या शहराला त्रास देऊ नका. खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवा तर स्वतःहून सगळी संपत्ती घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी सरकारजमा केली नाही. तुमच्याच नावाने गावात काही लोकोपयोगी करा, म्हणाल्या. त्या बायकांनी घाट आणि देऊळ बांधलं.

देणारा किती देतो यापेक्षा त्याने कोणाचं घेतलं नाही, हे मी आधी बघते. तुम्हीही परीक्षेच्या उत्तरात देवळांच्या यादीआधी ही इंदूरची विधवा लिहा.

आमच्या गावाबाहेर दगडी पायऱ्यांची बारव आहे. सगळे म्हणतात अहिल्याबाईंनी बांधली. कागद काहीच नाही. खरं मानायचं का? मागच्या अंकातलं वाचून गावातल्या पोरांनी गाळ काढायचं ठरवलंय. तुम्ही बघायला याल का?
*(परभणी जिल्ह्यातून, बारवेच्या फोटोसह)*

फोटो भिंगाखाली धरून तीनदा पाहिला. चारी बाजूंनी उतरणाऱ्या पायऱ्या, मध्ये चौकोनी कुंड, भिंतीत देवकोष्ठ म्हणजे मूर्ती ठेवायचे कोनाडे, आणि दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले. ही बांधणी यादवकाळाची वाटते. तसं असेल तर तुमची बारव अहिल्याबाईंच्या जन्माआधी चार-पाचशे वर्षं उभी होती. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा.

मराठवाड्यात आणि नगर-नाशिककडे कुठलीही जुनी बारव दिसली की लोक 'अहिल्याबाईंची' म्हणतात. सगळ्या त्यांच्या नाहीत. काही त्यांनी नव्याने बांधल्या, काहींची डागडुजी केली, आणि पुष्कळशा केवळ त्यांच्या नावावर जमा झाल्या. वेरूळच्या घृष्णेश्वराशी आणि तिथल्या शिवालय तीर्थाशी होळकरांच्या घरच्या स्त्रियांचं नातं पक्कं आहे. असं पक्कं नातं दर ठिकाणी मिळत नाही.

माझं आजोळ चांदवडजवळचं. तिथला रंगमहाल होळकरांचा. लहानपणी त्याच्या भिंतींवरची चित्रं आम्ही बोटांनी चाचपत असू, त्याबद्दल आता वाईट वाटतं. आजीच्या शेताच्या बांधाजवळ एक पडकी विहीर होती, वर मोटेचं थारोळं. आजी पाणी शेंदायच्या आधी हात जोडायची. कोणाला गं, म्हणून विचारलं की म्हणायची, 'बाईला.' एवढंच. पुढे शिकून शहाणी झाल्यावर मी तिला सांगायला गेले की ती विहीर फार तर शंभर वर्षांची असेल, कोण्या पाटलाने खणलेली. ती म्हणाली, 'असंल. पर पाणी पाजायचं त्यांनी शिकवलं ना.'

इतिहासाचा पुरावा म्हणून हे वाक्य शून्य किमतीचं आहे. लोकांच्या मनाचा पुरावा म्हणून मला याहून मोठं काही सापडलेलं नाही. बांधणारा माहीत नसेल तेव्हा गाव ज्याचं नाव घेतं, त्याच्याबद्दल गावाला काय वाटत होतं ते त्यातून कळतं. याच मुलखात किती राजे, किती सुलतान, किती सरदार झाले. बेवारस पाणी लोकांनी त्यांतल्या कोणाच्या पदरात टाकलं नाही.

म्हणून खरं काय ते दोन ओळींत लिहून ठेवा : बांधणी यादवकालीन दिसते, गाव अहिल्याबाईंची मानतं. दोन्ही ओळी ठेवा. पाटीवर मात्र नुसतं 'अहिल्याबाईंनी बांधलेली' असं रंगवू नका. येण्याबद्दल शेवटी लिहिते.

राणी, महाराणी, राजमाता, लोकमाता, पुण्यश्लोक, देवी. यातलं काय लिहायचं?
*(सोलापूरचे एक मुद्रितशोधक)*

होळकर हे पेशव्यांचे सुभेदार. अहिल्याबाईंनी स्वतःला राणी म्हणवून राज्याभिषेक केला नाही. हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत. कागदांत 'मातुश्री' येतं. 'पुण्यश्लोक' आणि 'लोकमाता' ही लोकांनी दिलेली नावं आहेत, ती सरकारी दफ्तरातून आलेली नाहीत. मी लेखात 'अहिल्याबाई' एवढंच लिहिते, मला ते पुरेसं भारदस्त वाटतं.

स्तुतीबद्दल त्यांना स्वतःला काय वाटायचं, त्याची एक गोष्ट माल्कमने दिली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्यावर स्तुतिग्रंथ रचला आणि वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, मी दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीला पात्र नाही. आणि पोथी नर्मदेत टाकायला सांगितली. कवीकडे पुढे लक्षही दिलं नाही.

एक इतिहासप्रेमी म्हणून स्पष्ट लिहितो. उत्तरेत राजकारण पेटलेलं, इंग्रज पुढे सरकत होते, आणि होळकरांचा पैसा घाट-मंदिरं-अन्नछत्रांत जात होता. तोच फौजेवर लावला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. या दानधर्माची टीका करायची सोय आपल्याकडे का नाही?
*(ठाण्याहून, सेवानिवृत्त लष्करी अधिकारी)*

टीका करायची सोय आहे, आणि ती तुमच्याआधी दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी केली होती. तेव्हाच तिला उत्तरही मिळालं होतं. ते उत्तर कोणी टिपलं हे मुद्दाम लक्षात घ्या. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने पुढाकार घेणारा सेनानी जॉन माल्कम. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहातही तोच. मग तो माळव्यात राहिला, कागद आणि माणसं धुंडाळली, आणि मध्य हिंदुस्थानावरचं त्याचं पुस्तक १८२३ साली लंडनला छापून निघालं. होळकरांना हरवणाऱ्या माणसाला होळकरांच्या घरच्या बाईची भलावण करायचं कारण नव्हतं. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा बावीस-तेवीस वर्षं झाली होती, म्हणजे त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. ऐकलेली स्तुती त्याला आधी अतिशयोक्ती वाटली. त्याने निरनिराळ्या थरांतल्या लोकांना विचारलं, आणि जितकं खोलात गेला तितकं तेच ऐकू आलं, असं तो लिहितो.

त्याने हाच तुमचा प्रश्न एका ब्राह्मणाला विचारला. तो गृहस्थ अहिल्याबाईंच्या शेवटच्या वर्षांत पुण्याच्या दरबारी एका मोठ्या कचेरीत कामाला होता. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा : दानधर्मावर खर्चलं त्याच्या दुप्पट फौजेवर खर्चलं असतं, तरी तीसेक वर्षं मुलूख असा शांत राहिला असता का? त्यांच्या भक्तीबद्दल कोणाला शंका नाही. पण नुसत्या व्यवहाराने पाहिलं तरी याहून चांगला उपाय सापडला नसता. त्यांच्याशी वैर धरणं किंवा संकटात त्यांच्या मदतीला न जाणं, हे मराठी सरदारांना पाप वाटलं असतं.

हे उत्तर फार हुशारीचं आहे, आणि मला ते बरंचसं पटतं. काशीला, गयेला, सोमनाथला ज्यांच्या नावाने दिवा लागतो, त्यांच्या गावावर चालून जाताना सैनिकाचे पाय जड होणारच.

पण बरंचसंच पटतं. कारण अहिल्याबाई असेपर्यंत चाललं ते एका व्यक्तीच्या पुण्याईवर, आणि पुण्याई वारशाने देता येत नाही. त्यांच्या हयातीतच, १७९२ च्या सुमारास होळकरांनी दुद्रनेक या फ्रेंच अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभ्या करायला घेतल्या. शिंद्यांकडे डी बॉयनच्या पलटणी केव्हाच तयार होत्या. जून १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांनी होळकरांचा दणदणीत पराभव केला. तिथे होळकरांवर चालून येणारे मराठीच होते, आणि कोणाचे पाय जड झाले नाहीत. अहिल्याबाईंनी त्यानंतर दोन वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला देह ठेवला. तेव्हा फौजेत उशीर झाला हे तुमचं म्हणणं मी मान्य करते. त्याचा दोष अन्नछत्रांवर टाकायला मात्र तयार नाही. फौजेचा पैसा दौलतीचा होता, अन्नछत्राचा खासगीचा. पहिल्या पत्राचं उत्तर पुन्हा वाचावं ही विनंती.

माझा प्रश्न तुम्हाला आवडणार नाही. हजारो विधवांना न्याय देणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मुलीला सती जाऊ दिलं. हे आपण सांगताना नेहमी गाळतो. का?
*(नागपूरची एक वाचक, वय १९)*

बाळा, आवडणार नाही असं का वाटलं? मीही एकोणीस वर्षांची असताना हेच विचारलं होतं. मला गप्प बसवलं गेलं. तुला तसं बसवणार नाही.

मुक्ताबाईंचे पती यशवंतराव फणसे १७९१ साली वारले. त्यांचा मुलगा नथ्याबा आधीच गेला होता. मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं. अहिल्याबाईंनी त्यांची मनधरणी केली. आई म्हणून केली, राज्यकर्ती म्हणूनही केली. मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणून लेकीच्या पाया पडल्या. मुक्ताबाईंचं उत्तर माल्कमच्या पानात आहे आणि ते वाचताना माझा घसा दरवेळी दाटतो. तू म्हातारी झालीस, म्हणाल्या, थोड्या वर्षांनी तुझं पवित्र आयुष्य संपेल. माझा नवरा गेला, मुलगा गेला, तू गेल्यावर मला जगणं असह्य होईल आणि मानाने मरायची वेळ निघून गेलेली असेल.

अहिल्याबाई मिरवणुकीबरोबर चालत गेल्या. चितेपाशी दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाला उठल्या तेव्हा त्या किंचाळल्या, धरलेले हात सोडवेनात म्हणून स्वतःच्याच हातांना चावल्या. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. पुढे लेक-जावयाची सुंदर छत्री, म्हणजे दगडी स्मारक, बांधून घेतली.

तू विचारशील, हुकूम का नाही काढला? १७५४ साली त्यांनाही त्याच वाटेने जायचं होतं. मल्हाररावांनी अडवलं, तूच माझा मुलगा म्हणाले, आणि त्या थांबल्या. म्हणजे थांबणं शक्य असतं हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होतं. तरी लेकीच्या बाबतीत त्यांनी विनवणी केली, बंदी घातली नाही. त्या आपल्या काळाच्या आणि आपल्या धर्मकल्पनेच्या बाहेर जाऊ शकल्या नाहीत. हा त्यांच्या कारभारातला तोकडेपणा आहे, आणि तो मी तसाच लिहिते.

गाळतो का, याचंही उत्तर देते. आपल्याला पूजेसाठी अखंड मूर्ती लागते. मला स्वतःला ती हाताला चावलेली आई मूर्तीपेक्षा जवळची आहे. ज्या बाईने परक्या विधवेला तिचं घर राखून दिलं, तिला आपली विधवा लेक राखता आली नाही. तू हे गाळू नकोस. वर्गात बोलायची वेळ आली तर दोन्ही सांग.

तिसरीच्या मुलांना अहिल्याबाई शिकवायच्या आहेत. 'आज काय शिल्लक आहे' ते थोडक्यात सांगाल का?
*(बीड जिल्ह्यातील एक शिक्षिका)*

काशीचं आजचं विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास बांधलेलं. वरचं सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांनी चढवलं. सोमनाथला १७८३ चं त्यांचं देऊळ आजही उभं आहे. १९५१ च्या मोठ्या मंदिराकडे जाताना लोक त्याच्यावरून पुढे निघून जातात. गयेचं विष्णुपद १७८७ चं. पण तिसरीच्या मुलांना सनावळी नकोच. त्यांना माल्कमने ऐकलेल्या बारीक गोष्टी सांगा : उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणी पाजायला माणसं ठेवलेली असत, थंडीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना कपडे मिळत, महेश्वरजवळ शेतात नांगर चालला असेल तर त्यांचे नोकर तो थांबवून बैलांना पाणी पाजत, आणि शेतकरी पिकावरून पाखरं हाकलतात म्हणून काही शेतं विकत घेऊन उभं पीक पाखरांसाठी सोडलेलं असे. माझ्या नातीला मी हे सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, 'पाखरांना कसं कळायचं, कुठलं शेत त्यांचं?' तुमच्या वर्गातही हा प्रश्न येईल. उत्तर मुलांनाच शोधू द्या.

शिवाय महेश्वरची साडी. विणकरांना बोलावून त्यांनी गावात वसवलं. पुढे हा धंदा मोडकळीला आला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीला होळकर घराण्यातल्याच मंडळींनी तो पुन्हा उभा करायला हात लावला. मी महेश्वरला गेले तेव्हा एका घरात ओट्यावर माग चालू होता. विणणाऱ्या बाईंनी मला काठातलं नक्षीकाम दाखवलं आणि किल्ल्याच्या भिंतीकडे बोट केलं. घाटावरच्या दगडात तीच नक्षी होती. एका बाईने दिलेलं काम सव्वादोनशे वर्षांनी दुसऱ्या बाईच्या बोटांत चालू होतं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

मोठ्यांसाठी आणखी एक गोष्ट. संस्थानं विलीन झाल्यावर खासगीच्या देवळांचा, घाटांचा, धर्मशाळांचा सांभाळ कोणी करायचा हा प्रश्न आला. त्यासाठी १९६२ साली न्यास झाला. त्या मालमत्तांवरून वाद झाले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ साली न्यायालयाने ठरवलं की हा सार्वजनिक न्यास आहे आणि मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली त्याची नोंदणी व्हायला हवी. १७३४ साली एका स्त्रीच्या नावे जी 'खासगी' लागली, ती आज कायद्यानेही सर्वांची ठरली. पहिलं पत्र लिहिणाऱ्या मुलाने ही नोंद वहीत करून ठेवावी.

जिल्ह्याला नाव देण्यावरून, पुतळ्यांवरून, त्या कोणत्या समाजाच्या यावरून आलेली सात-आठ पत्रं मी बाजूला ठेवली आहेत. धनगर समाजाला त्यांचा अभिमान वाटतो तो रास्त आहे, फार दिवस ते नाव त्या समाजानेच जागतं ठेवलं. त्यात मला वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

आता परभणीच्या मुलांसाठी. मी येते. गाळ काढायचं काम पावसाळ्याच्या आधी संपवा, आणि सुरुवात करण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. गाळात मूर्तीचा तुकडा, कोरीव दगड, काहीही लागलं तर तिथेच थांबा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. यंत्र आत उतरवू नका, पायऱ्या सरकतात. सांध्यांत वाढलेलं पिंपळाचं रोप ओढून काढू नका, दगड सुटून येतो. आधी वरून छाटा. सिमेंट लावू नका, ऑइलपेंट तर अजिबात नको. महाशिवरात्रीला अलीकडे बऱ्याच गावांत बारवेच्या पायऱ्यांवर दिवे लावतात, तुम्हीही लावा. तेल दगडावर सांडू नये म्हणून खाली पत्रावळ ठेवा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बारवेची गोष्ट विचारा आणि ती सांगेल तशी, तिच्याच शब्दांत लिहून घ्या. डाव्या हाताच्या देवकोष्ठाखाली फोटोत काहीतरी अक्षरांसारखं दिसतंय. मी येईपर्यंत त्यावर खडू फिरवू नका.